रजेचं कारण

चटईच्या कारखान्यात, जळगावच्या एमआयडीसीत,
टाइम ऑफिसच्या खिडकीमागे मी अकरा वर्षं.
माझ्याकडे मस्टर असतं, पंचिंगचं यंत्र
आणि रजेचे अर्ज.
माणूस आटायला लागला
की आधी अर्जात दिसतं.

फेगडे पूर्वी पानभर लिहायचा:
"मामेबहिणीचं केळवण, भालोदला.
परवा सकाळपाळीला येतोच.
तोवर सहा नंबरच्या मागाकडे बघा,
डावीकडचा धागा कुरकुरतोय."
घराची किल्ली शेजारी देऊन जावं
तशी मागाची काळजी माझ्याकडे ठेवून जायचा.

मग ती मीटिंग झाली.
वाया जाणाऱ्या कडेच्या पट्टीचं काय करता येईल
ते त्याने वहीत आकृती काढून आणलं होतं.
झोपेसाहेब म्हणाले,
"तू माग चालव भो, डोकं आम्ही चालवतो."
सगळे हसले.
मीही.
नोंद ठेवणं माझं काम, म्हणून लिहिते: मीही.

तीन आठवड्यांनी तीच आकृती
पडद्यावर, रंगीत, साहेबांच्या नावाने.
टाळ्या झाल्या. फेगडेनेही वाजवल्या,
हात एकमेकांना नीट न लागता.
त्याचा पुढचा अर्ज दोन शब्दांचा:
घरगुती काम.

आता सगळ्यांचेच अर्ज दोन शब्दांचे.
बारसं, दवाखाना, बियाणं, कोर्टाची तारीख,
सगळं घरगुती काम.
साडेपाचचा भोंगा व्हायच्या आधी
बॅगांच्या चेनी ओढल्याचा आवाज येतो,
एकाच वेळी, कवायतीसारखा.
जेवणाच्या सुट्टीत कळण्याची भाकरी
पूर्वी चार डब्यांतून फिरायची;
आता ज्याचा डबा त्याच्या मांडीवर
आणि तोंड मोबाइलकडे.

'आपलं कुटुंब' नावाच्या ग्रुपवर
रात्री अकराला साहेबांचा सुविचार येतो.
दोन मिनिटांत चाळीस अंगठे.
तक्रारपेटी भिंतीवर आहे,
तिची किल्ली साहेबांच्या जुडग्यात,
गाडीच्या किल्लीशेजारी.

दर मे महिन्यात कूलरवरून भांडणं व्हायची.
तोंड केबिनकडे का, आमच्याकडे का नाही,
आवाज गेटपर्यंत यायचे.
यंदा पारा पंचेचाळीस, कूलर केबिनकडेच,
आणि कोणी चकार शब्द काढला नाही.
साहेबांनी वार्षिक अहवालात लिहिलं:
वातावरण सुधारले.

मागांचं बरं असतं.
धागा तुटला की लाल दिवा लागतो,
माग जागच्या जागी थांबतो,
कोणीतरी धावत येतं, गाठ मारतं.
फेगडेचा तुटला तेव्हा
यंत्रावर त्याचा अंगठा रोजच्यासारखा उमटला.
वेळेवर. हजर.

जूनमध्ये यावलची शबनूर तडवी लागली, पॅकिंगला.
पहिल्याच मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाली,
"रविवारी बोलावता, मग बदली सुट्टी कधी?"
आम्ही सगळ्यांनी आपापल्या चहात बघितलं.
सायीत बघण्यासारखं
तेव्हा बरंच काही होतं.

तिचा पहिला अर्ज दीड पानी:
"धाकटा भाऊ पोलीस भरतीला पळणार आहे, धुळ्याला.
मैदानाबाहेर मी पाणी घेऊन उभी राहणार.
मी दिसले की तो शेवटच्या फेरीत जोर लावतो."
साहेबांनी लाल पेनाने परत पाठवला:
एवढं पुराण कशाला? थोडक्यात.

ती खिडकीशी आली, अर्ज हातात,
"मॅडम, काय लिहू?"
'घरगुती काम' माझ्या ओठांवर आलं होतं.
अकरा वर्षांत ते मीच किती जणांना सांगितलं
याची मात्र कुठे नोंद नाही.
म्हटलं, "आहे तसाच राहू दे.
जागा कमी पडली
तर फॉर्मला मागची बाजूही असते."
शिक्का मारला. जरा जोरातच बसला.
बाकावर फेगडे होता, आपल्या फॉर्मची वाट बघत.

त्याचा अर्ज आज सकाळी आला.
दोनच शब्द.
खाली काहीतरी लिहून खोडलेलं.
ट्यूबलाइटसमोर धरला, उलटा करून पाहिला,
तेव्हा लागलं:
सहा नंबरच्या